ज्योतीचा रंग आणि मूलद्रव्यांची ओळख



शेगडीवर शिजणारी डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकाएकी पिवळी होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. हा पिवळा रंग डाळीचा नव्हे. तो तिच्यातील मिठाचा, अधिक नेमके सांगायचे तर मिठातील सोडियमचा होय. हीच गोष्ट प्रयोगशाळेत पद्धतशीरपणे करता येते. प्लॅटिनमची तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरावयाची, आणि तिच्यामुळे ज्योतीला कोणताच रंग येईनासा होईपर्यंत तिची अशी शुद्धी करावयाची. मग तिच्या टोकाला एखाद्या क्षाराचा कण लावून ती पुन्हा ज्योतीत न्यावयाची. पोटॅशियमचा क्षार फिकट जांभळा रंग देतो, कॅल्शियमचा विटकरी, बेरियमचा पिवळट हिरवा, तांब्याचा निळसर हिरवा. लिथियम व स्ट्राँशियम या दोहोंचे क्षार गडद तांबडा रंग देतात.

ही परीक्षा फार जुनी आहे. अठराव्या शतकात आंद्रेआस मार्कग्राफ या जर्मन रसायनज्ञाने सोडियम व पोटॅशियम यांचे क्षार ज्योतीच्या रंगावरून वेगळे ओळखले होते. परंतु शंभर वर्षे लोटली तरी या परीक्षेवर कोणी पुरता विश्वास ठेवीना. त्याला तीन कारणे होती. पहिले, मेणबत्तीची किंवा तेलाच्या दिव्याची ज्योत मुळातच पिवळी असते. तीतील तापलेल्या काजळीच्या प्रकाशात परक्या रंगाचा निभाव लागत नाही. दुसरे, लिथियमचा तांबडा कोणता आणि स्ट्राँशियमचा कोणता, हे नुसत्या डोळ्यांना खात्रीने सांगता येत नाही. तिसरे कारण सर्वांत कठीण होते. सोडियम लेशमात्र असले तरी त्याचा पिवळा रंग इतर रंगांना झाकून टाकतो, आणि सोडियम तर जिकडेतिकडे आहे.

यांपैकी पहिली अडचण हायडेलबर्गच्या विद्यापीठात दूर झाली. रॉबर्ट बुन्सेन तेथे 1852 मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. तरुणपणी आर्सेनिकच्या स्फोटक संयुगांवर काम करीत असता त्यांचा एक डोळा कायमचा गेला होता. रंगांच्या परीक्षेतून विज्ञानाला नवी दृष्टी देणारा हा पुरुष एका डोळ्याने पाहणारा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नव्या प्रयोगशाळेत दगडी कोळशापासून तयार केलेला वायू नळाने येत असे. जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळली तर ज्योत जवळजवळ रंगहीन होते, हे ध्यानी घेऊन त्यांनी विद्यापीठातील यंत्रकार पेटर डेसागा यांच्याकडून 1855 च्या सुमारास जो बर्नर करवून घेतला, तो आज शाळाशाळांतून बुन्सेनच्या नावाने वापरला जातो.

उरलेल्या अडचणींवर उपाय म्हणून बुन्सेन निळ्या काचेतून आणि निळीच्या द्रावणातून ज्योत पाहत. निळी काच सोडियमचा पिवळा प्रकाश गिळून टाकते व पोटॅशियमचा जांभळा पुढे जाऊ देते. ही युक्ती उपयोगी होती, पण तोकडी. त्यांचे तरुण सहकारी, भौतिकीचे प्राध्यापक गुस्टाव्ह किर्खोफ यांनी सुचविले, की काचेतून पाहण्याऐवजी ज्योतीचा प्रकाश अरुंद फटीतून नेऊन लोलकावर पाडावा. 1859 मध्ये दोघांनी मिळून असे उपकरण सिद्ध केले. तोच त्यांचा वर्णपटदर्शक.

लोलकाने काय साधले? डोळ्याला ज्योतीचा एकच मिश्र रंग दिसतो. लोलक त्यातील घटक वेगवेगळे करून मांडतो. आणि सूर्यप्रकाशासारखा अखंड पट्टा न दिसता येथे काळोख्या पार्श्वभूमीवर मोजक्या झगझगीत रेषा दिसतात. सोडियमची पिवळी रेषा आपल्या जागी, पोटॅशियमची तांबडी व जांभळी आपापल्या जागी; कोणी कोणास झाकीत नाही. लिथियमची एक ठळक तांबडी रेषा असते, तर स्ट्राँशियमच्या तांबड्या व नारिंगी अशा अनेक रेषा आणि शिवाय एक निळी. ज्या दोन रंगांत डोळा फसत होता, त्यांतील भेद येथे कोणाही विद्यार्थ्याला सांगता येतो.

रेषांची जागा मूलद्रव्यागणिक ठरलेली का असते, याचा उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. अणूतील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मोकळ्या असतात. ज्योतीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली येताना त्या दोन पायऱ्यांमधील अंतराइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने सोडतो. पायऱ्यांची मांडणी प्रत्येक मूलद्रव्याची निराळी. म्हणून प्रकाशही निराळा.

ही परीक्षा किती सूक्ष्म आहे, हे बुन्सेन व किर्खोफ यांनी एका साध्या प्रयोगाने दाखविले. खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात त्यांनी सोडियम क्लोरेटचे तीन मिलिग्रॅम दुग्धशर्करेसह जाळले. काही मिनिटांतच दुसऱ्या टोकाच्या ज्योतीत सोडियमची रेषा उजळली. हिशेबाअंती त्यांनी काढले, की मिलिग्रॅमच्या तीस लक्षाव्या भागाहूनही कमी सोडियम अशा रीतीने ओळखू येते. जी गोष्ट आजवर परीक्षेतील व्यत्यय मानली जात होती, तीच आता तिच्या सामर्थ्याचे प्रमाण ठरली.

या सामर्थ्याचे फळ लगेच मिळाले. ड्युर्कहाइम येथील खनिजयुक्त झऱ्याच्या पाण्यात 1860 मध्ये दोन निळ्या रेषा दिसल्या. त्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. बुन्सेन यांनी सुमारे 44 टन पाणी आटवून त्यातून नव्या धातूचे अवघे सातएक ग्रॅम क्लोराइड वेगळे केले. आकाशाच्या निळाईवरून त्याला सीझियम हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी एका खनिजातून गडद तांबड्या रेषांचे रुबिडियम सापडले.

याहून मोठी गोष्ट सूर्याच्या बाबतीत घडली. सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा असल्याचे फ्राउनहोफर यांनी 1814 पासूनच्या निरीक्षणांत नोंदविले होते. त्यांपैकी पिवळ्या भागातील जोडरेषा दिव्याच्या पिवळ्या रेषांच्या नेमक्या जागी येते, हेही त्यांना दिसले होते. किर्खोफ यांनी प्रखर सूर्यप्रकाशाच्या वाटेत सोडियमची ज्योत ठेवली. काळ्या रेषा उजळून नाहीशा होतील अशी अपेक्षा होती. त्या अधिकच काळ्या झाल्या. यातून नियम निघाला, की जो वायू जो प्रकाश सोडतो, तोच प्रकाश तो शोषूनही घेतो. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे! फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत यांनी 1835 मध्ये निःशंकपणे लिहिले होते, की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कोणत्याही उपायाने कळणार नाही. काँत 1857 मध्ये वारले. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांचे विधान खोटे ठरले.

या कथेचे पुढचे दोन अध्याय भारताशी निगडित आहेत. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा आहे आणि ती सोडियमच्या जागेपासून किंचित ढळलेली आहे, हे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून लॉकयर यांना स्पष्ट दिसले. ती हेलियमची रेषा होय. हा वायू पृथ्वीवर रॅम्झी यांच्या हाती लागला तो 1895 मध्ये.

दुसरा अध्याय मेघनाद साहा यांचा. ज्या रुबिडियम व सीझियमचा शोध ज्योतीने लावला, त्यांच्या रेषा सूर्यात का दिसू नयेत? साहांनी 1920 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात याचे उत्तर आहे. सूर्याच्या प्रचंड उष्णतेने या अणूंचा सैलसा इलेक्ट्रॉन निघूनच जातो, आणि मग त्यांच्या ओळखीच्या रेषा उमटत नाहीत. तुलनेने थंड अशा सूर्यडागांत त्या शोधाव्यात, असे त्यांनी सुचविले. आणि अमेरिकेत रसेल यांना तेथे रुबिडियमच्या रेषा खरोखरच आढळल्या. तात्पर्य, रेषेचा अभाव म्हणजे द्रव्याचा अभाव नव्हे.

रुग्णाच्या रक्तातील सोडियम व पोटॅशियम मोजण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांतून ज्योत-प्रकाशमापक हेच साधन सर्रास वापरले जाई. आता ती जागा बव्हंशी इलेक्ट्रोडांवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र तार, आम्ल आणि ज्योत आजही तीच आहेत. तेथे पिवळा रंग दिसताच ‘सोडियम’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह विद्यार्थ्याने आवरावा. तो पिवळा रंग क्षाराचा की आपल्याच बोटांवरील घामाचा, हे तार पुन्हा धुऊन पाहिल्यावाचून ठरत नाही.