आवळ्याचे बळ आणि शिशाचे विष



कार्तिक लागला की पिंपळनेरच्या बाजारात आवळ्याच्या पाट्या दिसू लागतात. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील पाड्यांवरून आदिवासी माता-भगिनी रानातला मेवा डोईवर घेऊन उतरतात. आवळी नवमीला आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची प्रथा आपल्या पूर्वसूरींनी घालून दिली. चरकसंहितेने या फळाला रसायन म्हणून गौरविले आणि च्यवनप्राशात त्याला मुख्य स्थान दिले. अशा या फळाविषयी अलीकडे एक नवा दावा ऐकू येतो. आवळ्याचा अर्क नित्य घेतला की शरीरातील शिसे, पारा, आर्सेनिक अशी सारी धातुविषे धुऊन निघतात, असे जाहिराती सांगतात. या दाव्यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, याचा विचार शांतपणे व्हावयास हवा. कारण हा प्रश्न घराघरांतील लहान मुलांच्या बुद्धीशी निगडित आहे.

प्रथम या विषाचे स्वरूप पाहू. शिसे शरीरात शिरते ते कॅल्शियमचे सोंग घेऊन. त्यामुळे ते हाडांत जाऊन बसते आणि दशकानुदशके तेथेच मुक्काम करते. रक्त तयार करण्याच्या कामी लागणाऱ्या विकरांना ते निकामी करते. पेशींचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोन या द्रव्याला ते गुंतवून ठेवते. परिणामी ‘मुक्त कण’ मोकाट सुटतात आणि पेशींची आवरणे, प्रथिने, गुणसूत्रे यांची नासधूस करतात. बालकाचा मेंदू घडत असतो, म्हणून त्याची हानी सर्वाधिक होते आणि ती पुष्कळदा भरून येत नाही. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील दर तीन बालकांपैकी सुमारे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. त्यांत भारतातील बालकांची संख्या कोट्यवधींच्या घरात जाते.

मुक्त कणांना शांत करणारी द्रव्ये म्हणजेच प्रतिऑक्सिडके, ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हटले जाते. आवळा या द्रव्यांचे भांडारच आहे. शंभर ग्रॅम ताज्या आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. तेवढ्याच संत्र्यात ते साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम भरते. त्याच्या जोडीला आवळ्यात टॅनिन वर्गातील तुरट द्रव्ये असतात.

कोलकात्यात गीता तालुकदार, अर्चना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फळाची कसोटी घेतली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उंदरांना आधी सात दिवस आवळ्याचा अर्क दिला गेला आणि मग शिशाचे व ॲल्युमिनियमचे क्षार दिले गेले. अर्क घेतलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेतील गुणसूत्रांची हानी लक्षणीयरीत्या कमी झाली. लक्षणीय बाब ही की, अर्कात जेवढे ‘क’ जीवनसत्त्व होते तेवढेच नुसते देऊन पाहिले, तर त्याचे संरक्षण अर्काहून उणे ठरले. फळ समग्रपणे अधिक बलवान ठरते, हे येथे प्रयोगाने दिसले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतही गोड्या पाण्यातील शिंपल्यांवर असे प्रयोग झाले. तांबे वा पाऱ्याच्या क्षारांनी शिंपल्यांच्या शरीरातील प्रथिने घटतात आणि ‘क’ जीवनसत्त्वाने ती घट सावरते, असे त्यांत आढळले.

मात्र उंदीर, शिंपला आणि माणूस यांत अंतर आहे. माणसांवरील पुरावा त्रोटक आहे. १९९९ साली अमेरिकेत ७५ तरुण धूम्रपानी पुरुषांवर एक चाचणी झाली. रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या रक्तातील शिसे आठवडाभरात सुमारे ८१ टक्क्यांनी घटले. रोज २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत मात्र काहीच फरक पडला नाही. या पुरुषांना विषबाधा झालेली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय रक्त म्हणजे सारे शरीर नव्हे. रक्तातील शिसे उतरले तरी हाडांतील साठा उरतोच.

वस्तुतः आवळ्याचा मोठा उपकार निराळ्याच वाटेने होतो. ज्या बालकाच्या शरीरात लोहाची उणीव असते, त्याचे आतडे शिसे अधिक शोषून घेते. ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाकरी आणि पालेभाजीतील लोह अंगी लागते. पांडुरोगाने ग्रासलेल्या पाड्यांवरील मुलांना भाकरीसोबत ताजा आवळा मिळाला, तर विषाला मिळणारी वाट काहीशी अरुंद होते. दीर्घकाळ शिजवलेल्या मोरावळ्यात आणि उन्हात वाळवलेल्या आवळकाठीत हे जीवनसत्त्व पुष्कळसे घटते, हे गृहिणींनी लक्षात ठेवावे.

म्हणून आवळा ही ढाल आहे. पण वर्षाव चालूच राहिला, तर ढाल कुठवर पुरणार? देशात २००० सालापासून शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री बंद झाली. घरगुती रंगांतील शिशावर दर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तरी जुन्या भिंतींचे पोपडे, उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, शिसे मिसळलेल्या कथलाची कल्हई आणि भंगारातून ओतलेली हिणकस भांडी यांतून विष घरात येतेच. शेजारच्या बांगलादेशात हळदीला झळाळी यावी म्हणून शिशाचे पिवळे क्रोमेट मिसळले जात असे. २०१९ साली संशोधकांनी ते उघडकीस आणले, शासनाने धाडी घातल्या, दंड केले, लोकजागृती केली. २०१९ मध्ये तपासलेल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते; २०२१ पर्यंत ते शून्यावर आले. कोणत्याही फळाच्या अर्काला जे साधले नसते, ते उगम बंद केल्याने दोन वर्षांत साधले.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणखी एक कटू घटना विसरू नये. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर निर्यात होणाऱ्या वनौषधींची धातुचाचणी भारत शासनाने जानेवारी २००६ पासून बंधनकारक केली. टीकाकारांवर रागावण्यापेक्षा हा मार्ग शास्त्राची प्रतिष्ठा राखणारा होता. विषनिवारणासाठी घेतलेल्या बाटलीतूनच विष पोटात जावे, यासारखी विटंबना नाही. निनावी, बिनपरवाना अर्कापेक्षा पाटीतला ताजा आवळा केव्हाही विश्वासार्ह.

ज्या घरात बॅटरी, भंगार, रंग वा धातू ओतण्याचा व्यवसाय आहे, तेथील मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी. कामाचे कपडे बाहेर बदलावेत, मगच मुलाला उचलून घ्यावे. हळकुंड आणून घरी दळावे. कल्हईवाल्याकडून शुद्ध कथलाचाच आग्रह धरावा. बालकाच्या रक्तात शिसे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळले, तर धातू बांधून बाहेर काढणारी औषधे डॉक्टर देतात. तेथे अर्कावर विसंबून दिवस घालवणे म्हणजे त्या मुलाच्या भवितव्याशी खेळणे होय.

आवळीच्या झाडाखाली पंगत बसते तेव्हा आधी जागा झाडून, सडा घालून स्वच्छ केली जाते, मगच पाने मांडली जातात. पूर्वजांनी लावलेला हा क्रम आरोग्यालाही लागू पडतो. पांझरेच्या काठी वसलेल्या या गावाने आधी आपले अंगण, आपली भांडी आणि आपला मसाल्याचा डबा निर्विष करावा. मग आवळ्याचे बळ खऱ्या अर्थाने मुलांच्या अंगी लागेल.