सही करण्याआधी

सकाळची कामं आवरत, कुणी भाकरी थापत, कुणी शेळ्यांना पाला टाकत हा कार्यक्रम ऐकत असाल. आज आपण कर्जाच्या कागदांविषयी बोलणार आहोत. बचत गटाच्या बैठकीत बचत, व्याज, हप्ता हे शब्द रोजचे झाले आहेत. पण गटाबाहेर कुणी कागद पुढे केला की आपली सही फार पटकन होते. सुरुवात आम्ही आमच्याच चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईचे मालक अचानक वारले. घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. शेत नाही, मजुरीवर घर. तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस दारात आला. म्हणाला, "तुमच्या मालकांनी माझ्याकडून चाळीस हजार घेतले होते. आता ते नाहीत, तर तुमच्या नावाने नवीन कागद करू. सही करा."

ताईंनी त्याला ओट्यावर बसवून आम्हाला फोन केला. आणि आम्ही, गटांना हिशोब शिकवत फिरणाऱ्या आम्ही, काय सांगितलं? "ताई, गेलेल्या माणसाचं नाव खराब नको व्हायला. करा सही, हळूहळू फेडू." ताईंनी सही केली. शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. नऊ महिन्यांत अठरा हजार गेले, मुद्दल मात्र चाळीस हजार तसंच. दहाव्या महिन्यात ताईंनी व्याज भरायला गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा हिशोब लिहिणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही हे कशाबद्दल भरताय?" तेव्हा आम्ही जागे झालो.

आम्ही ताईंना घेऊन तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे गेलो. तिथल्या वकील मॅडमनी जे समजावलं, आणि त्यानंतर गटागटांतून बायकांनी जे प्रश्न विचारले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न. नवऱ्याचं कर्ज बायकोला फेडावं लागतं का?

नवऱ्याने एकट्याच्या सहीने कर्ज घेतलं असेल आणि आपण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर ते कर्ज आपल्या स्वतःच्या कमाईतून फेडण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. नवरा वारला तर देणेकरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून पैसे मागू शकतो. म्हणजे त्याची जमीन, घर, बँकेतली रक्कम जेवढी वारसांकडे आली असेल तेवढ्यापुरतंच. समजा कर्ज एक लाखाचं आहे आणि वारसांकडे चाळीस हजारांचं काही आलं, तर जबाबदारी चाळीस हजारांची. काहीच आलं नसेल, तर मुलांच्या मजुरीवर किंवा आपल्या बचतीवर त्याचा हक्क नाही.

पण आपण नवीन कागदावर सही केली, तर ते कर्ज आपलं होऊन बसतं. आमच्या ताईंचं नेमकं हेच झालं. म्हणून दुःखाच्या दिवसांत कुणी कागद घेऊन आलं तर एवढंच म्हणायचं: "तुमच्याकडे त्यांच्या सहीचा जो कागद आहे त्याची झेरॉक्स द्या. आम्ही दाखवून घेतो, मग बोलू." यात कुणाचा अपमान नाही.

दुसरा प्रश्न. जामीन राहिलं तर काय होतं?

"नुसती सही आहे, पैसे मीच भरणार आहे," असं दीर म्हणतो, शेजारीण म्हणते. आपल्याला वाटतं, जामीनदार म्हणजे साक्षीदार. तसं नाही. आपल्या देशात कराराचा कायदा १८७२ सालापासून आहे. त्यात सांगितलंय की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडून वसुली करून मगच जामीनदाराकडे यावं, असा नियम नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. तुम्ही पैसे भरले तर ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, पण ज्याने बँकेला दिले नाहीत तो तुम्हाला कधी देणार, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जामीन राहण्याआधी स्वतःला विचारा, हे सगळे पैसे मला भरावे लागले तर भरता येतील का? उत्तर नाही असेल तर सही नाही.

तिसरा प्रश्न. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प पेपर दिला तर?

सही केलेला कोरा चेक म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेली आपली तिजोरीची किल्ली. तो त्यावर रक्कम लिहू शकतो, आणि "मी फक्त सही केली होती" हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. देण्यापोटी दिलेला चेक खात्यात पैसे नसल्याने परत गेला आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी खटला होऊ शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अशी नोटीस आली तर ती चुलीत घालू नका, त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

चौथा प्रश्न. तोंडी व्यवहार कायद्यात चालतो का?

चालतो, पण सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून नात्यातही पैसे देता-घेताना दोन ओळी लिहा. किती रुपये, कोणत्या तारखेला, कधी परत, व्याज असेल तर किती, आणि दोघांच्या सह्या. जमलं तर रोख देऊ नका, खात्यावर द्या, म्हणजे नोंद राहते. उसने पैसे कोर्टातून मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे देऊन तशी लेखी नोंद केली, की तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. जुन्या कर्जाबद्दल कुणी "नुसतं लिहून द्या" म्हणालं तर ते नुसतं नसतं, हे त्यासाठी लक्षात ठेवायचं.

पाचवा प्रश्न. सावकाराने किती व्याज घ्यावं?

महाराष्ट्रात २०१४ सालचा सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीचा धंदा करायला परवाना लागतो. परवानाधारक सावकारासाठी सरकारने वर्षाचे दर ठरवून दिलेत. शेतीसाठी तारण ठेवून घेतलं तर शेकडा ९, विनातारण १२. इतर कामासाठी तारणावर १५, विनातारण १८. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. वीस हजारांवर १८ टक्क्यांनी वर्षाला तीन हजार सहाशे होतात. शेकडा पाच महिना लावला तर बारा हजार. फरक बघा केवढा आहे. शिवाय व्याजावर व्याज लावता येत नाही, आणि सगळं मिळून व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. आपले आजोबा ज्याला दामदुप्पट म्हणायचे, तोच हा नियम.

परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे करता येते. मात्र शेजारणीने एकदा हातउसने पैसे दिले म्हणजे ती सावकार झाली असं नाही. व्याजाने पैसे देणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्यासाठी हा कायदा आहे.

सहावा प्रश्न. मायक्रोफायनान्सवाले घरी येऊन बसतात, त्याचं काय?

कर्ज घेतलं असेल तर फेडायचं आहे, याबद्दल शंका नको. पण वसुलीलाही रीत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली त्याचे नियम केले. या कर्जासाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आपण तिथे गेलो नाही, तरच घरी यायचं. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत कर्जदाराचं नाव पुकारणं, हे काही चालत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि कर्जाची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड नाही.

शेवटचा प्रश्न, जो बायका हळू आवाजात विचारतात. पैसे दिले नाहीत तर पोलीस उचलून नेतील का? भांडी नेतील का?

निव्वळ हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत. तो दिवाणी मामला आहे. फसवणूक किंवा चेकचा खटला ही वेगळी गोष्ट. दिवाणी कोर्टाने पैसे देण्याचा हुकूम केला, तरी त्या वसुलीसाठी स्त्रीला तुरुंगात टाकता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. जप्ती आली तरी अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, नेता येत नाही. शेतकऱ्याची गरजेची अवजारं, जनावरं आणि बियाणं यांनाही संरक्षण आहे. जप्ती कोर्टाच्या हुकमाने होते. कुणी चार पोरं घेऊन येऊन टीव्ही उचलला तर ती जप्ती नव्हे.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं. फोन करायचा तर नंबर १५१००. पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य.

आता आमच्या ताईंचं. त्या माणसाकडे परवाना नव्हता आणि आसपासच्या गावांतही त्याचे पैसे व्याजाने फिरत होते. सहाय्यक निबंधकांकडे अर्ज दिला, चौकशी सुरू आहे. ताईंनी व्याज देणं थांबवलंय आणि तो माणूस पुन्हा दारात आलेला नाही. पण त्यांच्या सहीचा कागद अजून त्याच्याकडे आहे. आमच्या एका फोनमुळे ती सही झाली, हे आम्ही ताईंसमोर आणि गटासमोर कबूल केलं. ताई म्हणाल्या, "मला तरी कुठं माहीत होतं." पण आम्हाला माहीत असायला हवं होतं.

त्यानंतर आमच्या गटांनी एक ठराव केला. कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही किंवा अंगठा करायचा नाही. कागद बैठकीत आणायचा, कुणीतरी मोठ्याने वाचायचा, रक्कम, व्याज, मुदत वहीत लिहायची आणि एक झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची. समोरचा म्हणाला, "आत्ताच करा, नाहीतर राहू द्या," तर राहू द्यायचं.

तुमच्या गटातही हा ठराव मांडा. घरातल्या ट्रंकेत कुठले कागद पडलेत, ते या आठवड्यात एकदा बाहेर काढून बघा. जे समजणार नाहीत ते बैठकीत घेऊन या. लाजू नका, आम्हीही असेच विचारत विचारत शिकतोय. नमस्कार.