लोकसभेतील एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लोकसभा म्हणजे नुसता आरडाओरडा, अशी माझी समजूत. तरी २० सप्टेंबर २०२३ रोजी स्वयंपाक सकाळीच उरकून मी दूरदर्शनसंचापुढे बसले, ती दिवेलागण होऊन गेली तरी उठले नाही. लोकसभेत व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारे विधेयक त्या दिवशी चर्चेस होते.

भाषणे पुष्कळ झाली; त्यांतली बरीचशी श्रेय कोणाचे याविषयीच! मन रमले ते मतदानात. ही घटनादुरुस्ती, तेव्हा एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक आणि शिवाय मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश अनुकूल हवेत. चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या, मोजल्या. अनुकूल ४५४, प्रतिकूल २. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ अनुकूल, विरोधी एकही नाही.

असे विधेयक प्रथम १९९६ साली आले होते. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ते बारकाईने तपासले; २००० साली त्या वारल्या. २०१० मध्ये राज्यसभेने संमत केले, ते लोकसभेत पडून राहिले.

माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. आकडे ऐकून म्हणाल्या, "मग पुढच्याच निवडणुकीत का ग?"

मी त्यांना कलम समजावून सांगितले: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, त्यानंतर राखीव जागा.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे माझ्या हयातीत नाही," म्हणाल्या, आणि रात्रीची मेथी निवडायला घेतली.