भाग्यविधाता कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारी जवळ आला की एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. पूर्वी तो वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात यायचा, आता मोबाइलवर येतो. प्रश्न असा : ‘जन गण मन’ हे गीत इंग्लंडच्या राजाच्या स्वागतासाठी लिहिले होते, मग ते आपले राष्ट्रगीत कसे? विचारणारा बहुतेक वेळा देशावर मनापासून प्रेम करणारा असतो, म्हणून त्याला झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

घटना 1911 सालच्या डिसेंबर महिन्यातली आहे. राजा पंचम जॉर्ज 2 डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. 12 तारखेला दिल्लीत दरबार भरला आणि त्यात बंगालची फाळणी रद्द केल्याची घोषणा झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन होते. काँग्रेस तेव्हा मवाळांच्या हाती होती. फाळणी रद्द झाल्याबद्दल राजाचे आभार मानण्याचा ठराव कार्यक्रमपत्रिकेवर होता. 27 डिसेंबरला, अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, कामकाजाची सुरुवात रवींद्रनाथांच्या या गीताने झाली. नंतर राजाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्यानंतर राजाच्या गौरवाचे एक हिंदी गीत गायले गेले. ते रामभुज चौधरी यांचे होते. कलकत्त्याच्या इंग्रजी मालकीच्या वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी या दोन गीतांची गल्लत केली आणि टागोरांनी राजासाठी गीत रचल्याचे छापले. भारतीयांच्या वृत्तपत्रांनी बातमी बरोबर दिली होती. पण एकदा छापून आलेली चूक किती वर्षे जगते, हे आपण पाहतोच आहोत.

खुद्द रवींद्रनाथांचे म्हणणे काय होते? 1937 साली त्यांनी पुलिनबिहारी सेन यांना पत्र लिहून खुलासा केला. सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने राजाच्या स्तुतीपर गीत लिहिण्याची गळ घातली, त्याचे आपल्याला आश्चर्य वाटले आणि संतापही आला, आणि त्याच संतापातून आपण भारताच्या भाग्यविधात्याचा जयजयकार लिहिला, असे ते सांगतात. युगानुयुगे या देशाचा रथ हाकणारा तो सारथी कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. 1939 साली दुसऱ्या एका पत्रात तर, अशा आरोपाला उत्तर देणे हाच आपला अपमान आहे, असे त्यांनी सुनावले.

कोणी म्हणेल, हा खुलासा पंचवीस वर्षांनी आलेला. ठीक आहे. मग गीतच वाचा. आपण म्हणतो ते त्याचे फक्त पहिले कडवे. मूळ गीत पाच कडव्यांचे आहे. दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती यांची नावे येतात. तिसऱ्यात सारथी येतो आणि शंख वाजतो. चौथ्यात घोर काळोख्या रात्री मूर्च्छित देशाला मांडीवर घेणारी आई आहे. पंचम जॉर्जला सारथी म्हणणे एक वेळ शक्य आहे, आई कसे म्हणणार? 1912 च्या जानेवारीत हे गीत ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त छापले गेले. ते ब्राह्म समाजाचे नियतकालिक. त्याच महिन्यात समाजाच्या माघोत्सवात ते प्रार्थनेसारखे गायलेही गेले. 1919 च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या मदनपल्लीच्या कॉलेजात रवींद्रनाथ मुक्कामाला असताना त्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मार्गारेट कझिन्स यांनी त्याची स्वरलिपी तयार केली. पुढे तीनच महिन्यांनी, जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, याच कवीने सरकारने दिलेली ‘सर’ ही पदवी परत केली.

आता मी एक पाऊल पुढे जातो. समजा, आरोप खरा असता, तर? मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया तर खरोखरच याच राजाच्या आगमनाचे स्मारक म्हणून बांधले गेले. त्याबद्दल वाद नाही. तसे त्याच्यावर कोरलेलेही आहे. पण 1948 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून बोटीत बसली आणि त्या दगडांचा अर्थच पालटला. ‘जन गण मन’ने तर त्याआधीच मोठा प्रवास केला होता. 1942 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत ते वाद्यवृंदावर वाजले. आझाद हिंद सेनेने त्याच चालीवर हिंदुस्थानी भाषेत आपले गीत रचले. राजाशी लढायला निघालेल्या माणसांनी जे गीत ओठांवर घेतले, ते राजाचे कसे राहील? गीत लिहिणारा एक असतो. त्याला अर्थ देणारे मात्र अनेक असतात.

दुसरा वाद ‘वंदे मातरम्’चा. त्यात आपल्या मराठी माणसांचा फार जवळचा संबंध आहे. 1923 साली काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला, तरी पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायले. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी तर त्यासाठी आयुष्याची बरीच वर्षे वेचली. ब्रिटिश अमदानीत मुंबई रेडिओवर त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण बंद झाले, तेव्हा त्यांनी रेडिओवरच बहिष्कार टाकला. पुढे राष्ट्रगीत ठरवायची वेळ आली, तेव्हा पंडित नेहरूंचे म्हणणे पडले की याची चाल बँडवर वाजण्याजोगी नाही. मास्तरांनी मुंबईला बँडवाल्यांबरोबर बसून झिंझोटीच्या अंगाने बँडवर वाजेल अशी चाल बांधून दाखवली.

मुसलमान समाजातून त्या गीताच्या पुढच्या कडव्यांतील देवीरूपाला हरकत होती. 1937 साली काँग्रेसने, रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन, पहिली दोनच कडवी सभांमध्ये म्हणावीत असे ठरवले. काहींना हा समजूतदारपणा वाटला, काहींना शरणागती. 2025 साली गीताला 150 वर्षे झाली, तेव्हा संसदेतल्या चर्चेत हाच वाद पुन्हा रंगला. 24 जानेवारी 1950 रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन करून ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरल्याचे आणि ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान राहील असे जाहीर केले. त्यावर मतदान झाले नाही. जिंकले कोण, हरले कोण, हा हिशेब त्या सभागृहाने मांडलाच नाही. मला यात मोठे शहाणपण दिसते.

तिसरा वाद एका शब्दाचा. सिंध पाकिस्तानात गेला, मग तो शब्द गीतात कशाला? 2005 साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने शब्द काढायला नकार दिला. राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या सीमा सांगणारा नकाशा नव्हे, असा त्याचा मथितार्थ. पण उत्तर हवे असेल तर न्यायालयापर्यंत जायची गरज नाही, उल्हासनगरला जावे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी माणसांनी ते गाव उभे केले. गुजरात्यांना गुजरात आहे, बंगाल्यांना बंगाल आहे. सिंधी माणसाच्या वाट्याला आपला असा प्रांत आला नाही, राष्ट्रगीतातला तो एक शब्द आला. तो कोणी खोडायचा?

आणि शेवटचा वाद, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. मान कसा द्यायचा? महाराष्ट्रात 2003 पासून चित्रपटगृहात खेळाआधी राष्ट्रगीत वाजू लागले. 2016 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर सक्तीचे केले आणि 2018 च्या जानेवारीत सक्ती मागे घेतली. त्याच 2016 साली पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये, मणक्याच्या दुखापतीमुळे उभे राहूच न शकणाऱ्या एका लेखकाला, उभा राहत नाही म्हणून मार खावा लागला. मारणाऱ्यालाही वाटले असेल की आपण देशसेवा करतो आहोत.

याउलट केरळचा खटला आठवतो. 1985 साली तिथल्या तीन शाळकरी भावंडांना शाळेतून काढून टाकले. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. 1986 साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांना शाळेत परत घ्यायला लावले. गायलाच हवे असा कायदा नाही, आदराने उभे राहणे हा मानच आहे, आणि सहिष्णुता ही आपली परंपरा आहे ती पातळ होऊ देऊ नका, असे त्या निकालाचे सांगणे. त्या तीन मुलांवर विश्वास ठेवल्याने राष्ट्रगीताचा मान वाढला, असे मी मानतो.

रवींद्रनाथ स्वतः या बाबतीत फार सावध होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जपान आणि अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी आक्रमक राष्ट्रवादावर कडक टीका केली होती. अशा माणसाचे गीत आपण निवडले. त्यात शत्रू नाही, रक्त नाही, तलवार नाही. त्यात प्रांत आहेत, डोंगर आहेत, नद्या आहेत, आणि सर्वांत आधी ‘जन’ आहेत. ते गीत शेजाऱ्याची परीक्षा घ्यायला वापरणे म्हणजे त्याचा अर्थ विसरणे.

माझी एक साधी सूचना आहे. राष्ट्रगीत म्हणायला 52 सेकंद लागतात. उरलेली चार कडवी मराठी अर्थासह वाचायला दहा मिनिटे पुरतील. येत्या 26 जानेवारीला झेंडावंदन करून घरी आल्यावर मुलांना जवळ घ्या आणि ती वाचा. मुले विचारतील, हा भाग्यविधाता म्हणजे नक्की कोण? कोणी देव म्हणेल, कोणी काळ म्हणेल, कोणी म्हणेल आपण सगळे. त्यांना बोलू द्या.