पन्नाशीनंतरची तालीम

'तालीम' हा शब्द मराठीच्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मूळ अर्थ शिकवणं, शिक्षण. आमच्या घरांत मुलांना अक्षरओळख होते तीही तालीम, नाटकवाले संवाद घोकतात तीही तालीम, आणि लंगोट लावून लाल मातीत उतरायचं ती जागाही तालीमच. 'उस्ताद'चा मराठीनं 'वस्ताद' केला, 'पहलवान'चा 'पैलवान'. कवी म्हणून मला या शब्दांची मोठी गंमत वाटते. पण आज बोलायचं आहे ते पन्नाशी उलटल्यावर पुन्हा तालमीत शिरणाऱ्या माणसाबद्दल. तो माणूस मीच.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. शाळा-कॉलेजची आठ वर्षं मी पहाटे तालमीत काढली. जोर, बैठका, मग हौदात लढत. हिवाळ्यात मिरचीच्या पथारीवरून वारा आला की सगळ्यांना एकदम ठसका लागायचा. पुढे बी. ए. झालो, नोकरी लागली, खुर्ची मिळाली. रात्री कविसंमेलनं, मुशायरे. त्यामागून चहा, पान आणि मध्यरात्रीची गरम भजी. १ जुलै १९९८ ला नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर माझी तालीम सुटून आठ वर्षं झाली होती. पन्नाशीत वजन ब्याण्णव किलो, साखरेची गोळी सुरू, आणि गुडघे असे की नमाज खुर्चीवर बसून पढायची. ज्याला वाकता येत नाही त्याला धर्मानं ती मुभा दिली आहे, त्यात कमीपणा नाही. पण एकेकाळी हजार बैठका मारणाऱ्या माणसाला सजद्यासाठी कपाळ जमिनीला टेकवता येऊ नये, हे मनाला लागत होतं.

मधुमेह म्हणाल तर मी एकटा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींवर लोकांना तो आहे. त्यात जुन्या पैलवानांची गत आणखी न्यारी. मेहनत सुटते, खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदाम पचवायला रोजचा घाम लागतो. घाम थांबला की तेच तूप पोटावर बसतं.

गामा पैलवानाचं नाव आपण सगळे घेतो. १९१० साली लंडनमध्ये झबिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांवर चालूनही निकाली झाली नाही. १९२८ साली पतियाळात ते दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता, आणि त्यानं मिनिटाच्या आत झबिस्कोला चीत केलं. हा किस्सा सांगून मला पुष्कळांनी चेव आणला. मी त्यांना म्हणायचो, बाबांनो, गामाची मेहनत मध्ये तीस वर्षं बंद नव्हती!

डॉक्टरांना विचारून मी गेलो. जुने वस्ताद अल्लाला प्यारे झाले, आता त्यांचा चिरंजीव तालीम चालवतो. वयानं माझ्या मुलाएवढा. तरी मी त्याला वस्तादच म्हणतो, कारण तालमीत मान वयाचा नसतो, गादीचा असतो. तो मला चाचा म्हणतो. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या हाती फावडं दिलं.

"चाचा, माती उकरा."

"आणि जोर?"

"पंधरा दिवस जोर नाही. बैठकाही भिंतीला धरून, अर्ध्या. दहाच."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण पोराचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. स्नायूंना जुनी मेहनत आठवते. ते लवकर भरतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरेला मात्र रक्त कमी मिळतं, ती फार सावकाश तयार होते. म्हणून परतलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात जोशात येतो आणि तिथेच खांदा किंवा गुडघा मोडून घेतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार घोड्याची चाल बघतो, पाय दाबून बघतो, मग किमतीचं बोलतो. आपण मात्र आरशात फक्त छाती बघतो!

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त खपते ती स्नायूंत, आणि तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात. म्हणून नुसतं फिरून भागत नाही, थोडं वजनही पेलावं लागतं. मात्र साखरेची गोळी घेणाऱ्यानं उपाशीपोटी हौदात उतरू नये, चक्कर यायची. मी खिशात दोन खजूर ठेवतो. हलका मुद्गल चौथ्या महिन्यात मिळाला. लढत अजून नाही, आणि वस्ताद म्हणतो ती मिळणारही नाही. पोरं धोबीपछाड मारतात, मी काठावर बसून हात चोळतो.

आता अकरा महिने झाले. वजन चौऱ्याऐंशीवर आलं. बैठका चाळीस होतात, पूर्ण, भिंतीशिवाय. गोळी चालूच आहे, डॉक्टर म्हणतात राहील. इशाच्या नमाजला दिवसभराच्या थकव्यानं अजून खुर्ची लागते. फजरला, तालमीला निघण्याआधी, मी चटईवर पढतो. उठताना उजवा गुडघा कटकन वाजतो. शेजारचा म्हातारा तेवढ्यापुरता माझ्याकडे बघतो.