कुरवांची ओळख

श्रोतेहो, रहिमतपुरात समुद्रपक्ष्यांची कथा कशाला, असे आपण म्हणाल. पण हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर कुरव येतात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा; मात्र थंडीत दोघांचीही डोकी पांढरी, कानामागे काळसर ठिपका! तेव्हा पंख पाहावा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक रुंद, काळे. प्रौढाच्या त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात. पहिल्या हिवाळ्यातील पोराला ते नसतात, म्हणून त्याला घाईने दुसऱ्या जातीत ढकलतात. मीही ढकलले, वहीतल्या नोंदी पुढे खोडाव्या लागल्या. काळ्या डोक्याच्याची खूण निराळी: पंखाची पुढची कडा पांढरी, पोरवयातही. शेपटीची काळी पट्टी वय सांगते, जात नव्हे. पक्षी बसलेला असेल, तर तो उडेपर्यंत वहीत काही लिहू नये.