मनाईहुकूम म्हणजे निकाल नव्हे
(मयूर विहार, दिल्ली येथे केलेलं भाषण)



इथेच, फेज वनमध्ये मी भाड्याने राहायचो. माझी जात कळल्यावर घरमालकाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘रविवारपर्यंत खोली सोडा, नाहीतर कुलूप लावीन.’ वडिलांना कोर्ट म्हटलं की पोलीसच आठवतात. मला महाड आठवलं.

डिसेंबर 1927. सत्याग्रह परिषद 25 तारखेला होती. त्याच्या अकरा दिवस आधी सनातन्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टातून बाबासाहेब आणि सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. म्हणे चवदार तळं खासगी! बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टात भांडले. 23 फेब्रुवारी 1928ला मनाई उठली. दाव्याचा हायकोर्टातला निकाल मात्र 17 मार्च 1937चा.

आपल्याविरुद्ध वापरलेला तोच कागद मी मागायला गेलो, कडकडडूमा कोर्टात. नुसता अर्ज चालत नाही, आधी दावा लागतो. सोबत ऑर्डर 39खालचा अर्ज. न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी बाजू कुणाची, गैरसोय कुणाची जास्त, आणि भरून न येणारं नुकसान होईल का.

जातीचा अपमान मी प्रतिज्ञापत्रात पानभर लिहिला होता. पण हुकूम मिळाला तो भाडेकरार, यूपीआयच्या नोंदी आणि त्या निरोपाच्या जोरावर: कायदेशीर मार्गाशिवाय खोलीतून काढू नये. तेव्हा मला जरा वाईटच वाटलं होतं.

कुलूप लागलं नाही. सात महिन्यांनी मीच खोली बदलली, नोकरी नोएडाला लागली म्हणून.